नुसता बार

चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं आणि अगदी शांतपणे म्हणायचं, "मी सांगून ठेवलं होतं." आमच्या कचेरीतले अव्वल कारकून दिवसातून चार-पाच वेळा तरी हे करत. त्यांना सगळे नाना म्हणत. पुरतं नाव मी सांगत नाही; त्यांच्या घरची माणसं अजून आहेत.

शाईची दौत लवंडली, नानांनी सांगून ठेवलेलं असे. देवरूखचं टपाल दाभोळला गेलं, तेही सांगून ठेवलेलं. एका पावसाळ्यात दप्तरखान्याचं छप्पर गळायला लागलं. आम्ही भिजलेली दप्तरं पाठीवर घेऊन धावत होतो आणि नाना धोतराचा सोगा हातात धरून दारात उभे होते. कौलं बदलायला हवीत हे त्यांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. कोणाला, तर शिपायाला. शिपायाने पुढे कोणाला सांगायचं, ते सांगायचं राहिलं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सांगणं झालं की त्यांच्या लेखी काम झालेलं असतं. आम्ही त्यांच्या पाठीमागे बोट वर करून नक्कल करायचो आणि हसायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि तेही कधीकधी हसायचे.

माणूस वाईट नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. मी तेव्हा विशीतला, दाभोळहून रत्नागिरीला नोकरीसाठी आलेला, आणि नोकरीही हंगामी. खोली नानांनीच बघून दिली. कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं, साहेबासमोर कागद कोणत्या बाजूने ठेवायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. हिवतापाने पडलो तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरून, वहिनींच्या हातची, पेज येत होती. सदू, त्यांचा मुलगा, पेजेचं भांडं घेऊन यायचा आणि मागून त्याची धाकटी बहीण कुशी लोणच्याची वाटी दोन्ही हातांत धरून, वाटीकडेच बघत चालत यायची. सदू तेव्हा दहा-अकराचा असेल, कुशी सहाची.

कुशीवर नानांचा फार जीव. संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी ती फाटकाशी येऊन उभी राहायची. नाना बाहेर पडले की हातातली छत्री बाजूला धरायचे आणि ती छत्रीचं दुसरं टोक पकडायची. दोघं तशीच घरी जायची. वाटेत ती काहीतरी बोलत असायची आणि नाना, जे कचेरीत दुसऱ्याला बोलू देत नसत, ते ऐकत असायचे.

घर गावाच्या कडेला होतं. मागे कातळाचा उतार, त्यावर आंब्याची वीस-पंचवीस कलमं, आणि कलमांवर वानरं. त्यांच्यासाठी नानांनी परवाना काढून एक ठासणीची बंदूक घेतली होती. ती दारू ठासून तयार पडवीतल्या खुंटीवर असायची. केपा, म्हणजे घोड्याखाली बसवायच्या तांब्याच्या छोट्या टोप्या, तिथेच भिंतीतल्या देवळीत एका डबीत.

एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. वानरं आली. नानांनी हाक मारली, तसा सदू स्टुलावर चढला, बंदूक काढून आणली, डबीतली केप काढून सराईतपणे बसवली आणि बंदूक वडिलांच्या हातात दिली. नानांनी आभाळाकडे बार काढला. वानरं पळाली आणि कुशी टाळ्या वाजवत त्यांच्या मागे अंगणभर धावली. माझ्या हातातला चहा बशीत सांडला होता.

"भिऊ नको," नाना मला म्हणाले. "आत नुसती दारू आणि चिंध्या. वानरावर छर्रा कोण टाकणार? पोरांना ठाऊक आहे, नुसता बार असतो."

मी म्हटलं, पण पोरांच्या हाताशी आहे ती.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. माझ्यावाचून हात लावायचा नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, म्हणाले. मी बशीतला चहा प्यायलो.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी नाना एका सकाळी कचेरीत आले ते तावातच. रानडुकराने परसातलं सुरण उकरून टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बंदुकीत छर्रे ठासले आणि अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. डुक्कर आलं नाही. ठासलेली बंदूक उडवल्याशिवाय रिकामी होत नाही, म्हणून ती तशीच खुंटीवर ठेवली होती. हे त्यांनी मला सांगितलं, शेजारच्या टेबलाला सांगितलं, शिपायाला सांगितलं. आज येऊ दे त्याला, म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

घरी मात्र सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांना बोलावणं आलं. निरोप आणणाऱ्या शेजाऱ्याला धड बोलता येत नव्हतं. नाना छत्री तिथेच टाकून निघाले, मी त्यांच्या मागे.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. विहिरीजवळच्या फणसावर वानर आलं. नाना घरी नव्हते. सदूने रोजच्यासारखी बंदूक काढली, केप बसवली. कुशी रोजच्यासारखी टाळ्या वाजवत पुढे धावली. नुसत्या बाराला कोण भिणार? आम्ही पोचलो तेव्हा वहिनी तिला मांडीवर घेऊन ओटीवर बसल्या होत्या आणि तिच्या केसांतला पाला वेचून काढत होत्या. सदू पडवीच्या खांबाला पाठ लावून उभा होता. त्याच्या हातातली बंदूक कोणी घेतली नव्हती. ती मी घेतली.

नानांनी कुशीकडे पाहिलं, मग सदूकडे. त्यांच्या तोंडून काय येणार ते मला आधीच कळलं आणि वाटलं, धावत जाऊन त्यांचं तोंड धरावं.

"मी सांगितलं होतं तुला," नाना म्हणाले.

फौजदार आला. त्याचा कारकून रजेवर होता, म्हणून लिहायला मला बसवलं. अक्षर चांगलं, आणि घरच्यासारखा. पंच अंगणात होते. माजघराच्या दाराशी फौजदार, नाना, सदू आणि मी. वहिनी आत होत्या. फौजदार मवाळ माणूस होता. त्याने सदूला विचारलं, बंदुकीला हात लावू नको असं वडिलांनी सांगितलं होतं का? सदू म्हणाला, होतं. मग का लावलास?

"वानर आलं होतं," सदू म्हणाला. "आणि नाना म्हणाले होते, नुसता बार असतो."

मी टाक उचलला आणि नानांकडे पाहिलं. ते आपल्या तळहाताकडे बघत होते, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. फौजदार दुसरा कागद शोधत होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. मी थांबलो. नाना काहीतरी बोलतील म्हणून थांबलो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे की माझी नोकरी हंगामी होती आणि ती कायम करण्याची शिफारस नानांच्या हातात होती. मी लिहिलं, 'हात लावू नये असे वडिलांनी बजावले होते, तरी मुलाने हात लावला.' सदूचं ते वाक्य मी खोडलं नाही. लिहिलंच नाही. छर्रे कधी भरले हे मला ठाऊक होतं. ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

नाना दहा-बारा दिवसांनी कचेरीत आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत: मी सांगितलं होतं त्याला. लोक हळहळत. बिचाऱ्याने एवढं बजावूनसुद्धा, असं म्हणत. शाळेत पोरं सदूच्या शेजारी बसेनात. तो मधल्या सुट्टीत एकटाच शाळेच्या दगडी गडग्यावर बसलेला दिसे. आणि संध्याकाळी कचेरी सुटली की नाना फाटकाशी येत, छत्री बाजूला धरत, दोन पावलं तशीच चालत आणि मग ती काखेत घेत. हे मी रोज पाहायचो. हा माणूस दुःखाने आतून पोखरून गेला होता, याबद्दल शंका नको. पण ते दुःख उतरवायला त्याने जागा शोधली ती अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर.

सहा महिन्यांनी जप्त झालेली बंदूक परत मिळावी म्हणून नानांनी अर्ज केला. तो माझ्याच टेबलावर आला.

त्यानंतर एका सकाळी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. पूर्वी कधी आल्या नव्हत्या. बाहेरच उभ्या राहिल्या. त्या कागदावर सही तुमची लागते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सही साहेबांची, मी नुसता पुढे ठेवतो.

"मग ठेवू नका, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ती परत घरात आली तर माझं पोर त्या खुंटीखाली जेवणार कसं?"

मी तो अर्ज तीन आठवडे दाबून ठेवला. माझी हिंमत तेवढीच. मग नानांनी विचारलं आणि मी तो पुढे ठेवला. त्या दिवशी मात्र मी त्यांना विचारलं, नाना, कशाला हवी ती? त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नको म्हटलं तर लोक म्हणतील, चूक यांचीच होती."

मी आणखी एक विचारलं. छर्रे घातलेत हे सदूला सांगितलं होतं का? नानांनी समोरचा कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि साहेबाच्या खोलीत निघून गेले. तो विषय आमच्यात परत निघाला नाही.

बंदूक परत आली. चार दिवसांनी वहिनी सदूला घेऊन देवरूखला भावाकडे गेल्या, त्या आल्याच नाहीत. नाना एकटे राहिले. कलमांवर वानरं येत, कोवळी पालवी खात, कोणी त्यांना हाकलत नसे. खुंटीवरून ती बंदूक नानांनी पुन्हा काढल्याचं मी पाहिलं नाही. रविवारी मी कधी जायचो. ते स्वतः चहा करायचे, पाणचट. कचेरीतल्या गोष्टी विचारायचे. एकदा कपाटातून काही काढताना कुशीचा चिटाचा परकर हाताला लागला, तो घडी न मोडता पुन्हा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ कपाटाशीच उभे राहिले. मला त्यांची कीव आली. कीव आली, आणि त्यांच्याविषयीचा राग काही कमी झाला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मी त्या घरात शिकलो.

पेन्शनीत गेल्यावर तिसऱ्या वर्षी नाना वारले. शेवटचे आठ दिवस मी जवळ होतो. सदूला बोलवू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले.

सदू मुंबईत एका पेढीवर नोकरीला होता. आगबोटीने आला, वहिनी आल्या नाहीत. एकवीस-बावीसचा, बारीक, फार हळू बोलणारा. दिवसकार्य आटोपल्यावर, तो परत निघायच्या आदल्या दिवशी मी सकाळी त्याच्याकडे गेलो. बंदूक त्याने आल्याबरोबर चौकीवर जमा केली होती. पडवीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, तुझ्या जबानीतलं एक वाक्य मी लिहिलं नव्हतं. आणि ते वाक्य त्याला सांगितलं. छर्र्यांची कचेरीतल्या आम्हा सगळ्यांना खबर होती, ते सांगितलं.

त्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, की नको म्हटलेलं असताना आपण हात लावला. दहा-अकरा वर्षं तो तेवढ्यावरच जगत होता.

"मी असं म्हणालो होतो?" त्याने विचारलं.

"हो."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मी समोर बसलो होतो."

मग लिहिलं का नाहीत, हे तो विचारील म्हणून मी उत्तर जुळवत होतो. त्याने ते विचारलं नाही. तो आत गेला, नानांच्या मेजावरचा कोरा कागद, टाक आणि दौत घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाला, आता लिहून द्या. मी विचारलं, कोणाला द्यायचंय? तो म्हणाला, कोणाला नाही, माझ्याजवळ राहील.

मी लिहिलं. तो काय म्हणाला होता ते, बंदुकीत छर्रे कोणी आणि कधी भरले ते, ते कोणाकोणाला ठाऊक होतं ते, आणि त्यांत माझं नाव. चारच ओळी झाल्या. खाली सही केली आणि तारखेपाशी हात अडला. कोणत्या दिवसाची घालू, असं मी त्याला विचारलं.

"आजचीच घाला," सदू म्हणाला. "उशीर झालाय तो दिसू दे."