खिडकीत काय आहे?

अनिरुद्ध गेल्याचा मेसेज त्याच्या बायकोच्या, वैदेहीवहिनींच्या फोनवरून आला, तेव्हा मी लंडनमधल्या एजवेअरला भाजीच्या दुकानात मेथी निवडत होतो. मेसेज वाचून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "लबाड!" समोरच्या दुकानदारानं मेथीची जुडी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. पण मी तरी काय करणार? गेली कित्येक वर्षं अनिरुद्ध मला खोटे मेसेज पाठवत होता. तुमचं पार्सल अडकलंय, टॅक्सचा परतावा आलाय, 'हाय डॅड, माझा फोन हरवलाय'... माझ्या दोन्ही मुली मला बाबा म्हणतात, तरी मी लिंक दाबली. दाबली की पलीकडे कमरेवर हात ठेवलेला त्याचा फोटो उघडायचा आणि खाली ओळ: 'विन्या, पुन्हा नापास.' तेव्हा हा त्याचा नवा, जरा अतीच झालेला प्रयोग आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. वाईट बातमी आली तर आलेल्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा, हा नियमही त्याचाच. मी दुकानाबाहेर येऊन स्टॅनमोरच्या त्यांच्या घरच्या लँडलाइनला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "खरं आहे, भावजी. ऑफिसला निघाले होते... दारातच कोसळले." त्याच्या परीक्षेत मी आयुष्यात पहिल्यांदा पास झालो होतो, आणि मार्क द्यायला तो नव्हता.

संशय घेणं हा अनिरुद्धचा पोटापाण्याचा उद्योग होता. क्रॉयडनच्या एका ऑफिसात बसून तो मोठमोठ्या वेबसाइटच्या मागचं खाजगी जाळं आखायचा, म्हणजे कुठला कॉम्प्युटर कुणाशी बोलू शकेल आणि कुणाशी अजिबात बोलू शकणार नाही, हे ठरवायचा. मला हे काही केल्या समजेना, तेव्हा त्यानं मला स्वतःच्या घरातून फिरवून आणलं. "हे पोर्च. इथली बेल सगळ्या जगानं वाजवावी. पण पोर्चमधल्या माणसाला फक्त स्वयंपाकघरात निरोप देता येतो, जिन्यापर्यंत जाता येत नाही. स्वयंपाकघर म्हणजे ॲप, खरं काम तिथं चालतं. सगळा माल वर लॉफ्टमध्ये, म्हणजे माळ्यावर, तो डेटाबेस. आता दर वेळी चमचाभर साखरेसाठी शिडी लावून लॉफ्टमध्ये कोण चढणार? म्हणून जे सारखं लागतं ते खाली फ्रिजमध्ये ठेवायचं. ती कॅश. पैशांची नव्हे, हाताशी ठेवलेल्या साठ्याची." मी विचारलं, "जे लागत नाही ते?" "जे कोणी मागत नाही ते फ्रिज काही दिवसांनी टाकून देतो. कॅशमध्ये टिकायचं तर कुणीतरी सारखं मागत राहायला हवं." मग त्यानं फ्रिजवर थाप मारली. "आणि याला रस्त्याच्या बाजूनं दार नसतं. लोक बाहेर सतरा कुलपं लावतात आणि फ्रिज उघडा टाकतात, का, तर आत सगळी आपलीच माणसं! अरे, स्वयंपाकघरात उभा आहे तो स्वयंपाकीच कशावरून?" हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. मी त्या वेळी त्याच्या फ्रिजमधलं श्रीखंड खात होतो.

आमची ओळख क्रॉयडनमधल्या भाड्याच्या एका खोलीतली. दोघंही नवे, दोघांनाही थंडी सहन होत नव्हती. खोलीत एकच निळी किटली होती, तिचं झाकण आधीच्या भाडेकरूनं हरवलेलं. रेडिएटर चालत नसे म्हणून ती आम्ही खिडकीत ठेवून सतत उकळत असू आणि वाफेनं हात शेकत असू. पुढे तो नेटवर्कमध्ये गेला, मी शाळेत ड्रामा शिकवू लागलो आणि मराठी मंडळाची नाटकं बसवू लागलो. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मी स्वतःच सांगतो, म्हणजे बघा. त्याच्या साखरपुड्याची बातमी त्यानं घरी सांगण्याआधी मी दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवरून जाहीर केली होती. तेव्हापासून त्यानं मला कुठलंही गुपित म्हणून सांगितलं नाही. "तुझ्यापेक्षा नोटीस बोर्ड बरा," तो चारचौघांत म्हणायचा, आणि चारचौघं मान डोलवायचे.

आणि तरीही दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. करड्या आवाजात एकच प्रश्न. "खिडकीत काय आहे?" मी म्हणायचं, "ब्लू केटल नो लिड." "कसं?" "लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता." एवढं झालं की मग तो अनिरुद्ध व्हायचा आणि आम्ही तासभर गप्पा मारायचो. त्याचं म्हणणं, हल्ली आवाजाचीही नक्कल करतात, तेव्हा तू तूच आहेस हे मला कळायला हवं. पहिला भाग मला पटायचा. पण बोलताना मोकळी जागा कशी सोडायची नाही? मी नटाच्या जातीचा, मला वाटलं हा श्वासाचा व्यायाम आहे, आणि मी ते सगळं एका दमात म्हणून दाखवायचो. मनातून मात्र मला ते लागायचं. इतक्या वर्षांच्या मित्राला दर रविवारी ओळखपत्र मागायचं? एकदा मी चिडून म्हणालो, "खिडकीत तुझी अक्कल आहे." त्यानं फोन ठेवला. पुन्हा केला. "खिडकीत काय आहे?"

त्याचं सगळ्यात जिवाभावाचं काम ऑफिसातलं नव्हतं. आमच्या भागात एकटी राहणारी बरीच वयस्कर मराठी माणसं आहेत. कुणाला हॉस्पिटलला कोण नेणार, औषधं कोण आणणार, याची पाळी ठरवणारी एक वेबसाइट त्यानं मंडळासाठी फुकट बांधली होती. त्यात या लोकांच्या दाराशेजारच्या किल्लीच्या पेट्यांचे नंबरही होते. नंबर फिरवला की पेटी उघडते, आत घराची किल्ली. म्हणजे ती यादी चुकीच्या हातात पडली तर चोराला खिडकी फोडायचे कष्टही नकोत. म्हणून त्यानं तिच्याभोवती असा बंदोबस्त केला होता की मंडळाचे अध्यक्ष म्हणायचे, "अनिरुद्धराव, आपण पाळ्या लावतोय, बँक नाही चालवत." तो म्हणायचा, "बँकेतले पैसे परत मिळतात. कुसुमताईंच्या घरात कोणी शिरला तर काय परत देणार?"

कुसुमताई आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्यापासूनच घोटाळा सुरू झाला. अनिरुद्ध गेला आणि त्यानंतर काही दिवसांनी, त्यानं वेळोवेळी हातानं करायची काही नूतनीकरणं राहून गेल्यामुळे, साइट उघडेना. उघडायला गेलं की लाल इशारा यायचा. पाळीवाल्या सगळ्यांनी, त्यानंच शिकवल्याप्रमाणे, इशारा बघून शहाण्यासारखी माघार घेतली. कुसुमताई कोट घालून पर्स मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसून राहिल्या, त्यांना डोळ्यांच्या हॉस्पिटलला न्यायला कोणी आलंच नाही. मला फोनवर म्हणाल्या, "अनिरुद्ध गेला, म्हणजे आता माझा नंबरच लागत नाही का रे?"

आत शिरायचा एकच मार्ग त्यानं ठेवला होता आणि त्याचा पासवर्ड दोन तुकड्यांत होता. एक वहिनींकडे. दुसरा कुणाकडे? वहिनींना त्यानं एवढंच सांगितलं होतं की नाव सांगणार नाही, नाव एकदा तोंडातून बाहेर पडलं की गावभर होतं. वेळ आली तर सहज विचार, 'खिडकीत काय आहे?' आणि जो विचार न करता उत्तर देईल, तो तो. त्यानंतर मंडळात जे वातावरण पसरलं ते कुठल्याही रहस्यनाट्याला शोभावं. दुसरा तुकडा आपल्याकडेच यायला हवा होता, असं प्रत्येकाला वाटत होतं आणि दुसऱ्यानं तो दाबून ठेवलाय अशी खात्री होती. खजिनदार सचिवांशी बोलेनात. वहिनींनी अध्यक्षांना विचारलं, ते खिडकीकडे वळून म्हणाले, "पडदे. का हो?" अनिरुद्धच्या ऑफिसातल्या क्रेगला विचारलं, तो गंभीरपणे म्हणाला, "कंडेन्सेशन." मला त्यांनी विचारलंच नाही, आणि त्या कुठला प्रश्न विचारताहेत हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. मला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही... माझ्यासुद्धा.

शेवटी एका शनिवारी त्या म्हणाल्या, चहाला या. मी गेलो तेव्हा क्रेग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. सगळं पाडून नव्यानं बांधावं लागेल, महिने लागतील, असं तो सांगत होता. माझ्या तोंडात चिवड्याचा बकाणा भरलेला. वहिनी थकून खुर्चीत टेकल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "सगळ्यांना विचारून झालं. खिडकीत काय आहे, खिडकीत काय आहे..."

"ब्लू केटल नो लिड," मी म्हणालो.

क्रेगचे हात कीबोर्डवर थांबले. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "भावजी, काय म्हणालात?"

"काही नाही हो, सवय..."

"आणि कसं?" त्या खुर्चीतून उठल्या. "ते पुढे काहीतरी विचारायचे. पहिला प्रश्न हळू असायचा, भिंतीपलीकडून मला फक्त 'कसं?' एवढंच ऐकू यायचं."

"लहान अक्षरांत. मध्ये मोकळी जागा न सोडता."

क्रेगनं लॅपटॉप वहिनींकडे सरकवला आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यांनी आपला तुकडा टाइप केला, मी माझा. एका बोटानं. दार उघडलं.

वहिनी रडता रडता हसत सुटल्या. "म्हणजे तुम्ही! सगळ्यांना सोडून तुम्ही!" मी मात्र हसू शकलो नाही. ट्रेननं घरी येताना मला त्याचा फ्रिज आठवत होता. जे कोणी मागत नाही, ते टाकून दिलं जातं. म्हणून तो मागत राहिला होता, रविवारमागून रविवार, न चुकता. मला काय ठेवायला दिलंय हे त्यानं मला कळू दिलं नाही. बरोबर आहे, मी ते दिवाळीत स्टेजवर पेटीच्या साथीनं म्हणून दाखवलं असतं. गुपित सांभाळण्याच्या बाबतीत त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण रविवारी फोन वाजला की हा माणूस तो उचलेल, चिडेल, शिव्या देईल आणि तरी उत्तर देईल, यावर त्यानं कुसुमताईंच्या घराची किल्ली पणाला लावली होती. यातला कुठला विश्वास मोठा, याचा हिशेब मी अजून करतो आहे.

एकदा वापरलेला पासवर्ड पुन्हा ठेवायचा नाही म्हणून क्रेगनं तो तिथल्या तिथे बदलला. माझ्या ओळीनं आता काहीच उघडत नाही. पुढच्या हॉस्पिटलच्या तारखेला कुसुमताईंना मीच नेलं. त्यांनी दार उघडण्याआधी आतून तीन वेळा विचारलं, कोण आहे. अनिरुद्धच्या शिष्या. ती निळी किटली त्यानं सगळी घरं बदलताना सांभाळली होती. वहिनींनी ती मला दिली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ती आहे, अजून झाकणाशिवाय, आत कोथिंबीर पेरलीय.

गेल्या रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. वहिनी होत्या. हॅलो नाही, कसे आहात नाही. करडा आवाज काढायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. "भावजी, आजपासून नवीन. मी एक प्रश्न विचारीन, त्याचं हे उत्तर द्यायचं. दर रविवारी. का, ते विचारायचं नाही."

मी विचारलं नाही. मला दाट संशय आहे, पण मी विचारलं नाही. प्रश्न काय आणि उत्तर काय, तेही तुम्हाला सांगणार नाही. मंडळातल्या लोकांनी दिवाळीपर्यंत वाट बघून पाहावी. फोन ठेवल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो आणि किटलीकडे बघत ते नवं उत्तर एकदा म्हणून पाहिलं... हळू, दुसरं कोणी ऐकणार नाही असं. लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता.