हळद टाळूपर्यंत आली तेव्हा

आमच्या घराण्यात एक देणगी चालत आलीय: डोक्यावर जन्मापासून केसच नाहीत. माझ्यानंतर ती भाचीच्या वाट्याला आली. चौथीत असताना ती शाळेतून रडत आली, तेव्हा विग कसा बसवायचा, टेप कपाळाच्या कुठे चिकटवायची, हे मीच तिला शिकवलं. "कुणाला कळता कामा नये," हेही मीच. धीर देणं म्हणजे एवढंच, असं मला वाटायचं.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलाला तिने पहिल्याच भेटीत सांगितलेलं. तो आईला सांगणार होता, मीच अडवलं. "अरे, लग्न होऊ दे, मग सांग. आत्ता कशाला विषाची परीक्षा?" अक्कल पाजळली, दुसरं काय!

मानपाड्याच्या हॉलवर उष्टी हळद घेऊन मुलाकडच्या बायका आल्या. सासूबाईंनी आंब्याचं पान बुडवलं. पाय. गुडघे. खांदे. पान वर चढत होतं, तशी मी तिच्या जवळ सरकत होते. मग त्या म्हणाल्या, "केस सोडा गं तिचे. आमच्यात टाळूवर तेल सासूच घालते."

"तिला सर्दी आहे हो," मी मध्येच तोंड घातलं. "नुसतं पान टेकवा."

"थेंबभर तेलाने काय होतंय?" त्यांनी हात पुढे केला. लग्न इथेच मोडणार आणि मोडणारी मी!

भाचीने माझ्याकडे बघितलं. "आत्या, टेप काढ."

"अगं, वेडी झालीस का?"

"सकाळी तूच लावलीस ना? मग तूच काढ."

काढली. घाईत ओढली, तिला दुखलं असणार. विग माझ्या मांडीवर आला. सासूबाईंच्या बोटांवरून तेल पाटावर ठिबकत राहिलं.

"माझ्या मुलाला माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून," भाची म्हणाली.

"मग मलाच तेवढं परकं केलंत होय?" त्या रागावलेल्या, खऱ्याच रागावलेल्या. तरी त्यांनी तळहातभर तेल तिच्या टाळूवर ओतलं आणि दोन्ही हातांनी सावकाश जिरवलं. भाची हुंदके देऊन रडली.

मग त्यांची नजर माझ्या केसांवर आली. "आत्याबाई, तुम्हीही बसता का?"

"नको हो," मी म्हटलं, "मला सर्दी आहे."

त्या हसल्या नाहीत. घरी आल्यावर दाराला कडी लावून मी माझी टेप काढली आणि टाळूवर हात ठेवला. कोरडी होती.