कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

दूध संकलन केंद्रावर नोकरी केली की माणसाचा स्वभाव बिघडतो. सकाळी सकाळी कॅन उघडायचे आणि समोरच्या ओळखीच्या माणसानं पाणी घातलंय का, हे त्याच्या तोंडावर तपासायचं. त्यामुळं शाळेच्या नाटकातून माझ्या आठ वर्षांच्या लेकीला सिनेमावाल्यांनी निवडलं तेव्हा सगळ्या गल्लीला आनंद झाला आणि मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

सिनेमा जुनाच, नव्यानं काढत होते. रानात वाट चुकलेली पोर आणि तिला खाऊपिऊ घालून गट्ट करू बघणारा राक्षस. मूळचा मी लहानपणी टीव्हीवर बघितला होता, तोही उशीआडून. त्यातल्या पोरीची किंकाळी मला अजून आठवते, इतकी ती खरी होती. तिच्याकडून ती कशी काढली असेल, हा प्रश्न मात्र मला आई झाल्यावरच पडला. म्हणून दिग्दर्शकाला मी एकच अट घातली. कॅमेऱ्याशेजारी माझी खुर्ची राहील आणि ती लेकीला सतत दिसेल. तो लगेच हो म्हणाला. "खुशाल तपासा की," म्हणणाऱ्याचं दूध मी एरवी दोनदा तपासते, पण तेव्हा माझं सगळं लक्ष राक्षसावर होतं.

बंद पडलेल्या गुऱ्हाळात सेट लावलेला. वर पत्रा, खाली दिवे, आणि राक्षसाच्या रबरी पोशाखात आधीचे दोघं घेरी येऊन पडलेले. म्हणून शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणारा माणूस राक्षस व्हायला आणला होता. त्याला उकाड्याचं काहीच नाही. मुखवटा काखेत धरून तो भडंग खायचा आणि माझ्या लेकीला शेंगदाण्याची चिक्की द्यायचा. परक्या पोरीचा एवढा पुळका कशाला? मी ती चिक्की मोडून आधी स्वतः खाल्ली. त्यानं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी पहिला तुकडा त्यानं माझ्याच हातावर ठेवला.

"आधी तुमी खावा वैनी, मग पोरीला द्या."

चिडून म्हणाला नाही, हसूनही नाही. मला त्याचाही संशय आला.

घोळ झाला तो शेवटच्या दृश्याला. राक्षस अंगावर येतो आणि पोर किंचाळते, एवढंच करायचं होतं. पण लेक किंचाळायच्या ऐवजी हसायची. "काकांचे डोळे दिसतात की आतून," म्हणायची. दिग्दर्शक गोड बोलत होता, पण त्याची मान लाल झाली होती. तेवढ्यात त्याची मदतनीस मुलगी माझ्या कानाशी वाकली.

"ताई, तुमची स्कूटी जनरेटरच्या गाडीला आडवी येतेय. दोन मिनिटं काढता का, प्लीज?"

बाहेर गेले तर स्कूटी चिंचेखाली मी लावली तशीच, आणि कुणालाही आडवी न येता उभी होती. चावी हातात धरून मी मागं वळले, तोवर आतून किंकाळी आली. टीव्हीवरची होती तीच.

दारावरच्या माणसानं "शॉट चालू आहे" म्हणून अडवलं. त्याला ढकलून मी आत घुसले. माझी खुर्ची जागेवर नव्हती. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता. मुखवटा जमिनीवर पडला होता आणि लेकीला मांडीवर घेऊन राक्षस त्या दिग्दर्शकावर ओरडत होता.

"आई तुला सोडून गेली, आता परत येणार न्हाय, असं सांगतासा व्हय लेकराला? माणसं हायसा का कोण?"

मी हात पुढं केले. ती आली नाही. कॅन उघडल्यावर मी बघते, तशी माझ्याकडं बघत राहिली. एवढी भीती मला त्या सिनेमानंही कधी घातली नव्हती.

"तू त्यांना हो म्हणालीस?"

"नाही गं बाळा. गाडी काढायला म्हणून मला बाहेर पाठवलं."

मी चावी दाखवली. चावीनं काय सिद्ध होणार? तिनं चावीकडं बघितलं आणि मान वर करून त्याला विचारलं, "काका, आई खरं सांगतेय?"

तो माझ्याकडं बघायला लागला. माझ्या हातावर ठेवलेला चिक्कीचा तुकडा मला आठवला आणि मी मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला. "म्या ऐकलंय की. गाडीचं निमित्त करून भायर काढली तिला. जा आईकडं."

तेव्हा कुठं ती माझ्याकडं आली.