एका लुगड्यावरचे दोन बदाम

आमच्या अकोल्यात बदाम म्हणजे किराणा दुकानातले, नाहीतर शाळेच्या आवारातल्या त्या मोठ्या पानांच्या झाडाचे, जे खरे बदाम नव्हतेच. मी पीएचडीला घेतले खऱ्या बदामाचे दोन रानटी भाऊबंद, तेही डोंगराळ मुलखातले. बदामाचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि बोलायचे मात्र त्याच्या परागकणांवर. अमरावतीचे माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "या दोन जाती परागांवरून ओळखू येत नाहीत." मी म्हणायचे, येतात. एवढ्यावरच माझा प्रबंध उभा होता.

त्या मार्चमध्ये दोन्ही जातींची वाळकी फुलं दोन पाकिटांत कुरिअरने आली. झाडं वर्षातून एकदाच फुलणारी, आणि माझी फेलोशिप संपत आलेली. सुटीला जठारपेठेतल्या घरी जाताना पाकिटं सोबत नेली, कारण हॉस्टेलवर उंदीर. सकाळी मी आंघोळीला गेले. आईच्या हाताला फुलं दमट लागली. गच्चीवर कुरडया वाळतच होत्या. तिने शेजारी जुनं लुगडं अंथरलं, दोन्ही पाकिटं त्यावर रिकामी केली आणि हाताने सारखी पसरली.

"दोन्ही बदामच ना," ती म्हणाली. "मंग येगळे कायले ठेवाचे?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आई त्या दिवशी जेवली नाही. कुरडया मात्र वेळेवर उलटल्या.

चुरगळलेल्या फुलांकडे नुसतं पाहून कोणतं कुठलं, हे कोणाच्या बापालाही सांगता आलं नसतं. पराग पाहणं एवढंच हातात उरलं. मी मिटलेल्या कळ्या तेवढ्या वेचल्या, कारण उघड्या फुलांवर आता अर्ध्या जठारपेठेचे पराग बसलेले. ज्या त्या पाकिटाच्या तळाशी थोडी भुकटी शिल्लक होती, ती ताडून पाहायला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कणांच्या अंगावर रेघा दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या. एका जातीच्या रेघा बारीक, लांब, मध्ये छिद्रं. दुसरीच्या जाड आणि आखूड. एकेक कळी घेतली, कण पाहिले, बाजूला ठेवली. दोन ढीग झाले. अधलीमधली एकही निघाली नाही.

सरांनी दोन्ही ढिगांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. मग म्हणाले, "कोणती कळी कुठली, हे तुलाच माहीत नव्हतं. आता कोणी म्हणणार नाही की तू आधीच ठरवून पाहिलंस." यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडे नसतं. मी बस स्टँडवर बसून रडले.

घरी येऊन आईला लॅपटॉपवर दोन्ही फोटो दाखवले. सांगितलं, तुझ्यामुळे काही बिघडलं नाही, उलट काम पक्कं झालं. तिने चष्मा पुसला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मी बोट ठेवून रेघा दाखवल्या.

"दोन्ही सारखेच दिसून राहिले," ती हळूच म्हणाली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बाई. माह्यासाठी खोटं नको बोलू. वर्ष गेलं तं गेलं."