आधी कावळा

आईच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत होतो. शेजारी तिच्या आवडीचं भरलं वांगं वाढलं होतं. "वहिनी, काय राहिलं तुमचं?" काका हात जोडून विचारत होते. पायरीवरची एक म्हातारी मला म्हणाली, "ताई, दोन घास द्या. कालपासून पोटात काही नाही."

डबा भरलेला होता. तरी मी म्हणाले, "थांबा मावशी, आधी कावळा शिवू दे."

तासाभराने शिवला. डबा घेऊन वळले, तर पायरी रिकामी.

गेलेल्या माणसाचा अन्नावरचा हक्क आम्ही सगळ्यांनी मानला होता. जिवंत बाईला तो मागावा लागला, आणि मी तिला थांबवलं.

भुकेल्याला "थांब" म्हणणं आईला कधी जमलं नव्हतं.