परब मॅडम आणि ‘बहुधा’

परब मॅडमना ‘बहुधा’ हा शब्द खपत नसे. ट्रेनिंगला बसलेल्या एखाद्या मुलीने “मॅडम, बहुधा हा पेशंट...” असं सुरू केलं, की त्या हातातलं पेन टेबलावर ठेवायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या. “बहुधा शिजलाय असं सांगून भात वाढला, तर जेवशील काय गो?” मुलगी गोरीमोरी व्हायची. फारच चिडल्या तर मॅडम थेट मालवणीवर यायच्या. “ह्या खंय लिवलेला आसा? दाखव माका!”

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं, तर ते कारकुनीच वाटेल. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद आमच्या स्क्रीनवर यायचे. डॉक्टरांनी जो आजार लिहिला असेल, त्याला अक्षर आणि आकड्यांचा ठरलेला कोड द्यायचा. त्यावर तिकडची विमा कंपनी पैसे देणार. वृंदा परब आमच्या ट्रेनर. आमच्या टीमकडे म्हाताऱ्या माणसांच्या फायली जास्त, त्यामुळे स्मृतिभ्रंश रोजचाच. त्याचे कितीतरी प्रकार, प्रत्येकाचा कोड वेगळा.

या आजाराच्या बाबतीत मॅडम फार कडक होत्या. डॉक्टरांनी नुसतं ‘प्रोबेबल’ लिहिलं असेल, म्हणजे असावा अशी शंका, तर आजाराचा कोड द्यायचा नाही. तोवर फक्त लक्षण नोंदवायचं : विसरायला होतं. नियमच तसा होता. पण त्यामागचं कारण मॅडम स्वतःच्या शब्दांत सांगायच्या. “एकदा हे नाव माणसाला चिकटलं ना, की सुटत नाही. घरातली पोरंसुद्धा त्याच्याशी बोलायचं सोडून त्याच्याबद्दल बोलायला लागतात. खात्री नसताना कुणाच्या कपाळावर हे लिहायचं नाही.”

एकदा मी एका आजींच्या फायलीतली एक नोंद गाळली होती. त्या घरातून निघून जातात, रस्ता चुकतात, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्याला वेगळा कोड होता, पण त्याने बिलात फरक पडत नव्हता. मॅडमनी फाइल परत पाठवली आणि मागोमाग स्वतःच माझ्या खुर्चीपाशी आल्या. “प्रज्ञा, बिलात फरक नाही पडत, मान्य. पण तिला सांभाळणारी बाई उद्या बदलली, तर नवीला कोण सांगणार, की दाराला कडी घाल म्हणून?” त्या आजी कोण, कुठल्या, आम्हाला कधीच कळणार नव्हतं. त्या दुपारी मॅडमनी डब्यातली कुळथाची पिठी माझ्या ताटात वाढली. रागावल्याची भरपाई त्या अशीच करायच्या.

सुरुवात कधी झाली, ते कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. एका सकाळी त्यांनी नव्या मुलांना एक धडा शिकवला, चहाची सुट्टी झाली, आणि परत येऊन तोच धडा पहिल्यापासून सुरू केला. भाताचं वाक्यसुद्धा तसंच, त्याच जागी. मुलांना वाटलं, मॅडम परीक्षा घेताहेत. ती हसली. मग मॅडमही हसल्या. पण हसताना त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती, काय झालं ते शोधत.

पुढे त्यांच्या कामात चुका निघू लागल्या. आमचा मॅनेजर निमेश हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. एका मीटिंगमध्ये त्याने त्यांच्या चुका सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर लावल्या.  मॅडमची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मॅडमना कामावरून काढायचं ठरलं, तेव्हा त्यांचे यजमान, सुहासकाका, ऑफिसात आले. बरोबर मॅडम होत्या आणि डॉक्टरांचा कागद होता. आजारपणामुळे नोकरी सोडली अशी नोंद झाली असती, तर कंपनीचा आरोग्यविमा पुढे चालू राहिला असता. काकांनी तेवढंच मागितलं. त्यांनी मला आत बोलावलं म्हणून मीही होते.

निमेशने कागद वाचला. “काका, इथे ‘प्रोबेबल अल्झायमर्स’ लिहिलंय. म्हणजे आजार आहे असं नाही धरता येत. मॅडमनीच शिकवलंय आम्हाला.”

“अरे निमेश, तो नियम कोड द्यायचा आहे,” मी म्हटलं, “माणसाला काढायचा नाही!”

“प्रज्ञा, पॉलिसी आहे यार. माझ्या हातात काय आहे?”

काका काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी तो कागद ओढून घेतला. चष्मा वर सरकवून ओळ नीट वाचली. क्षणभर त्या अगदी पूर्वीच्या परब मॅडम होत्या. “बरोबर सांगतोय तो,” त्या म्हणाल्या. “ठाम नाही लिहिलेलं. नाही धरता येणार.” आणि शिष्याने पाठ बरोबर म्हणावा तसं त्यांनी निमेशकडे कौतुकाने पाहिलं.

निमेशने नजर चुकवली. पण निर्णय बदलला नाही. कामाचा दर्जा घसरला म्हणून सेवा समाप्त, अशी नोंद झाली. पुढे तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टरांनी ठाम निदान लिहून दिलं, तेव्हा काका आणि मी पुन्हा गेलो. उत्तर तयार होतं : “तेव्हाच्या कागदावर नव्हतं ना.” बाहेर आल्यावर काकांनी लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली तरी तसेच उभे राहिले.

मागच्या महिन्यात मी बोरीवलीला त्यांच्या घरी गेले. मॅडमनी मला ओळखलं नाही. आपल्याला मुलगा आहे, हेही आता त्यांना आठवत नाही, असं काका म्हणाले. आठवणीतून कणकवलीचं घर गेलं, आईचं नाव गेलं. मी मनात म्हटलं, निदान ते ऑफिस तरी पुसलं गेलं असेल.

जेवायची वेळ झाली. काका ताट घेऊन आले आणि हलकेच म्हणाले, “वृंदा, चल, जेवून घे.”

मॅडम दचकून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. नवऱ्यापुढे मान खाली घालून म्हणाल्या, “सर, चूक झाली असेल तर परत बघते मी. काढू नका मला.”

काकांनी ताट स्टुलावर ठेवलं. त्यांना ही सवय झालेली दिसत होती.

“काही चूक नाही, परब मॅडम,” ते म्हणाले. “मी सगळं तपासलं. तुमचं काम एकदम बरोबर आहे.”

“नक्की ना, सर?”

“नक्की.”

मग त्या बसल्या. काकांनी भात कालवला आणि पहिला घास त्यांच्या हातात दिला.

“दोन्ही वेळा हे सांगावं लागतं,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “त्याशिवाय जेवत नाही.”