गिटारवाल्याची वर्दी

रविवार, मे महिना, साल १९९७. दुपारची जेवणं उरकलेली. हजर: माझे सासरे आणि गावचे पोलीस पाटील अण्णा, सासूबाई, कॉलेजच्या सुट्टीत हिंगोलीहून आलेला धाकटा दीर संतोष, अण्णांचे दोस्त तांड्यावरचे किसनभाऊ, आणि लिहायला मी. गैरहजर: माझे यजमान (शेतात होते, म्हणून या प्रकरणात आजही तेच शहाणे ठरतात).

आमच्या गावात बुडून मेलेल्यांच्या सरकारी नोंदीत एक विलायती गिटारवाला आहे. नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे.

झालं असं. गावात कुणी अचानक दगावलं, की पोलीस पाटलानं ठाण्यावर लेखी कळवायचं असतं. त्याला वर्दी म्हणतात. अण्णांना मोतीबिंदू, त्यामुळे ते सांगायचे, मी लिहायची, ते सही करायचे. त्या उन्हाळ्यात अण्णांच्या नेमणुकीचं नूतनीकरण प्रांतसाहेबांपुढे होतं. गावातल्या दोघांचा त्या जागेवर डोळा होता. कागदात एक चूक सापडली तरी अण्णांची पाटीलकी जाणार, आणि कागद सांभाळायचं काम माझ्याकडे. मी तीन गठ्ठे केले होते, तीन रंगांच्या नाड्या बांधून. माझ्या गठ्ठ्यांची कीर्ती डोंगरकडा गावापर्यंत गेली होती (मीच पोचवली होती).

संतोषनं सुट्टीला येताना एक कॅसेट आणली आणि तिच्याबरोबर दुखवटाही. कॅसेटवरचा गिटारवाला भर तारुण्यात आपल्या घरामागच्या पोहायच्या हौदात मेलेला सापडला होता. पेपरवाले म्हणाले अपघात. दोस्त म्हणाले कुणी तरी ढकललं. कुणी डॉक्टरच्या गोळ्यांवर बोट ठेवलं. हे सगळं संतोषनं एका मासिकात वाचलं, तेव्हापासून त्यानं केस कापणं बंद केलं होतं आणि जेवण निम्म्यावर आणलं होतं. सासूबाईंना मेलेल्याची नाही, त्या निम्म्या जेवणाची काळजी.

अण्णा म्हणाले, "नुसतं झुरून काय व्हतं? वर्दी लिवू. कागदावर उतरलं की खरं-खोटं आपसूक येगळं व्हतं. सूनबाई, घ्या कागद."

मी घेतला. इथे मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, मलाही जाणून घ्यायचं होतं.

पहिला रकाना नावाचा. संतोषनं नाव सांगितलं, चारदा सांगितलं. मला ते लिहिता येईना, अण्णांना म्हणता येईना. शेवटी अण्णा म्हणाले, अनोळखी इसम लिवा. मी लिहिलं: अनोळखी इसम, पुरुष, वय तिशीच्या आत, केस खांद्यापर्यंत, राहत्या घरामागील हौदात मयत.

मग चौकशी सुरू झाली. किसनभाऊंचं निम्मं आयुष्य सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरण्यात गेलेलं, त्यामुळे पाण्याचा विषय त्यांचा.

"हौदात पानी किती व्हतं?"

"छातीइतकं," संतोष म्हणाला.

"त्याला पोहता येत व्हतं?"

"चांगलं येत व्हतं."

"मंग झालं. पोहनारा मानूस छातीइतक्या पान्यात मरत न्हाई. त्याला कुनी तरी मारलं."

अण्णांना एवढ्या घाईनं निकाल लागलेला आवडत नसे. ते म्हणाले, पट्टीचे पोहणारेच बुडतात, ज्याला येत नाही तो पाण्याजवळ जातो कशाला. यावर अर्धा तास गेला. गावात आजवर बुडालेल्या प्रत्येकाचा दाखला निघाला, अगदी एका म्हशीचासुद्धा.

सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "लगीन झालतं का त्याचं?"

"न्हाई."

"मंग घरात सैपाक कोन करायचं?"

संतोषनं कॅसेट उलटीपालटी केली. "एक मैत्रीण राहायची."

सुपातला हात थांबला. "तिला इचारलं का कुनी?"

"ती तवा घरातच नव्हती म्हने."

"जेवायच्या येळंला घरात न्हाई? मंग कुठं व्हती?"

हा मुद्दा मासिकात कुणाला सुचला नव्हता. संतोष आईकडे प्रथमच आदरानं बघत होता, आणि बोलता बोलता त्यानं तिनं पुढे सारलेल्या दोन भाकरी संपवल्या. मी शेवटी लिहिलं: मृत्यूबाबत संशय. पंचांत एकमत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. अण्णांनी सही केली आणि हाताच्या सवयीनं शिक्काही मारला.

आता माझा नियम. शिक्का असलेला प्रत्येक कागद लाल नाडीच्या गठ्ठ्यात. लाल गठ्ठा सोमवारी कोतवालाबरोबर ठाण्यावर. नियम मीच केलेला, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी जीप आली.

जमादार, दोन शिपाई, एक गुंडाळलेली ताडपत्री. मागे अर्धा गाव. पाटलाच्या हौदात प्रेत सापडलं, आणि पाटलालाच ओळख पटत नाही, ही बातमी जीपच्या आधी फिरलेली. गर्दीत पाटीलकीवर डोळा ठेवणारे दोघंही होते. धुतलेले कपडे घालून आले होते.

जमादार म्हणाले, "पाटील, प्रेत कुठंय?"

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं.  रागावले असते तर बरं झालं असतं.

संतोष पुढे झाला. "साहेब, ते विलायतेत हाय."

"विलायतेत? कवा मेला?"

"माझ्या जन्माच्या आधी."

जमादारांनी हिशेब केला. "आन वर्दी काल दिली?"

मी खालमानेनं सगळं सांगितलं. कॅसेट, हौद, नाडी. चूक माझी आहे, अण्णांची नाही, हे तीनदा सांगितलं. जमादार ऐकत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, सासूबाईंनी दिलेला चहा घेतला आणि विचारलं, "अंगात कपडे व्हते का पोहायचे?"

अण्णा, किसनभाऊ आणि संतोष एकदमच सरसावून बसले. ताडपत्री अंथरली गेली, तिच्यावर गाव बसलं. जमादारांचा कौल डॉक्टरकडे होता. शिपायांचा मैत्रिणीकडे. धुतल्या कपड्यांतल्या दोघांपैकी एक जण चक्क अण्णांच्या बाजूनं अपघातासाठी भांडला. जीप परतली तेव्हा दुपार कलली होती आणि कुणाचंच एकमत नव्हतं.

जाताना जमादार अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "पाटील, तकलीफ एकच. कागदावर आवक नंबर पडलाय. तो आता मागं फिरत न्हाई."

पुढच्या महिन्यात अण्णा प्रांतसाहेबांपुढे उभे राहिले. मी बाहेरच्या बाकावर बसून लाल नाडीची गाठ मारत आणि सोडत होते. साहेबांपुढे ठाण्याचा अहवाल होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, मग ढकललं कुणी? अण्णा म्हणाले, "साहेब, खात्री झाल्याबिगर मी कुनाचं नाव घेत न्हाई." नूतनीकरण जागेवर झालं.

अण्णा पुढे कित्येक वर्षं पाटील राहिले आणि मानानं उतरले. पण नंबर पडलेलं प्रकरण बंद व्हावं लागतं. त्यासाठी ठाण्याला लेखी खुलासा हवा, वर्दी ज्याच्या हस्ताक्षरात आहे त्याचाच, आणि खुलाशात मृत्यूचं कारण एका ओळीत लिहायला हवं. दोन हजार सालानंतर तीन स्मरणपत्रं आली. मी तीनही वेळा कागद घेतला. पहिल्या वेळी डॉक्टर लिहून खोडलं, दुसऱ्या वेळी अपघात. तिसऱ्या वेळी लिहायला बसले, तर स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "पर जेवायच्या येळंला ती गेली कुठं?"

घरातलं एकही काम मी दुसऱ्या दिवसावर टाकत नाही. हा खुलासा तेवढा लिहायचा आहे.